लाईट गेली की हसणारे सर

हे लिहायला बसलो आहे खरा, पण मी कोण लिहिणारा, हा प्रश्न पहिल्या ओळीपासून हात धरतो आहे. आमच्या घरात आजवर कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तेही तहसीलसमोर टेबल टाकून बसणाऱ्या माणसाकडून लिहून घेतलेलं. सरांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारे लोक आहेत. त्यांच्याबरोबर नोकरी केलेले आहेत, माझ्या आधी त्यांच्याकडे शिकून पुण्याला गेलेले आहेत. खरं तर त्यांनी लिहायला हवं होतं. पण सरांचा विषय निघाला की त्यांच्यातले बरेच जण डोक्याजवळ बोट फिरवतात, हसतात आणि चहा मागवतात. म्हणून मी लिहितो आहे. कुठे चुकलो तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सर धाराशिवला आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचे. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि दरवर्षी नव्याने नेमणूक. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर. लाईट गेली की सगळं कॉलेज वैतागायचं, पंख्याकडे बघत शिव्या द्यायचं, आणि सर मात्र हसायचे. मनातल्या मनात नाही, चांगलं दात दिसतील असं. तास चालू असला तरी खडू ठेवून म्हणायचे, "चला चला, लॅबमधी चला. आता ऐकू येईल."

त्यांचं म्हणणं असं की ट्यूबलाईट, चार्जर, कॅमेऱ्यांचे डबे, मागच्या शेतातली मोटार, ही सगळी मंडळी दिवसभर हवेत पुटपुटत असतात. आपल्याला ते ऐकू येत नाही, पण रेडिओच्या कानाला येतं. त्या गलक्यात बारीक हाक हरवते. लाईट गेली की हवा गप्प होते. कॉलेजचा इन्व्हर्टर सुरू झाला तर सर जिन्याखाली जाऊन तोही बंद करायचे. मग ऑफिसातले क्लार्क धावत यायचे.

"सर! बोनाफाईड छापत होतो ना!"

"छापा की नंतर. कागद काय पळून चाललाय?"

सबस्टेशनच्या वायरमनशी त्यांची दोस्ती होती. बाकीचं गाव त्याला फोन करून विचारायचं, लाईट कधी येणार. सर विचारायचे, "आज कधी घालवताय?" तो बिचारा पहिल्या वेळी घाबरला होता म्हणे. त्याला वाटलं, हा कुठला तरी तपासणीवाला आहे.

सरांचा विषय रेडिओ रिसीव्हर. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. आता शेतातला ओलावा मोजणारी, टाकीतलं पाणी सांगणारी, मीटरचं रीडिंग पाठवणारी लहान लहान यंत्रं आली आहेत. ती बिनतारी एकमेकांशी बोलतात. त्यांच्या पोटात कोटाच्या बटणाएवढा सेल असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरावा अशी अपेक्षा असते. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं होतं, "अशा यंत्राची बॅटरी कशात जाते? बोलण्यात का ऐकण्यात?"

आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "बोलण्यात."

"बोलतं किती ते? दिवसातनं एखाद्या वेळी, डोळा लवायच्या आत. पण आपल्याला कोण कधी हाक मारंल ते ठाऊक नसतं, म्हणून बिचारं सारखं कान लावून बसतं. त्या कानानं बॅटरी संपते. बोलणं स्वस्त असतं रे. ऐकणंच महाग."

त्यांना एक स्वस्त कान बनवायचा होता. बाकीचं यंत्र गाढ झोपलेलं, फक्त हा एवढासा कान जागा, आणि त्याची भूक इतकी कमी की सेलला तो असल्याचं कळूही नये. आधी साध्या बोर्डावर सुटे भाग जोडून, आणि ते जमलं की खऱ्या चिपवर. चिप बनवून घेणं एकट्या कॉलेजच्या आवाक्यातलं नसतं. पण वेगवेगळ्या कॉलेजांची लहान लहान डिझाईन एकत्र करून सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर बनवून देण्याची एक सोय असते. सर म्हणायचे, एका ताटात सगळ्यांचे घास. त्या ताटात आपलाही एक घास असावा, एवढीच त्यांची इच्छा होती. लग्न केलं नव्हतं, बार्शी नाक्याच्या मागे एका खोलीत राहायचे. "माझी चिप ऐकते का न्हाई, एवढं एकदा कळलं की झालं," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना आमच्याकडे न बघता बोर्डाकडे बघायचे.

मूळचे ते मुरूमकडचे. तिकडे कानडी मुलूख जवळ, त्यामुळे रागावले की कानडीत जायचे. वर्गात गडबड झाली की "सुम्न कुंद्रु!" म्हणजे गप बस. तेच ते बोर्डालाही म्हणायचे. कान उगाच जागा झाला, दिवा विनाकारण लुकलुकला, की त्याच्यावर वाकून, अगदी प्रेमाने, "सुम्न कुंद्रु रे." माझा खोलीतला मित्र समाधान म्हणायचा, "आपल्याला वरडत्यात आणि त्या बोर्डाला समजावून सांगत्यात. पुढच्या जन्मी सर्किटच व्हावं."

एकदा त्यांनी आम्हाला तास सोडून बसस्टँडवर नेलं. ते म्हणत, कान बनवणाऱ्याच्या हातून दोनच चुका होतात. हाक आली तरी न उठणं, आणि हाक नसताना उठणं. ते बघायचं तर स्टँडसारखी जागा नाही. बाकावर एक म्हातारे गृहस्थ झोपले होते. उशाला पिशवी, पिशवीवर मुरूमच्या कापड दुकानाचं नाव. सर आम्हाला खांबामागे घेऊन कुजबुजले, "बघा आता. भोंगा वरडतोय, लातूर म्हणतोय, बार्शी म्हणतोय, तुळजापूर म्हणतोय. हलले का? न्हाई. कारण ह्यांची हाक न्हाई ती. हे मुरूमचे, म्हणजे उमरग्याच्या गाडीचे. उमरगा म्हणू द्या, ताडकन उठतील. आपला रिसीव्हर असा पाहिजे."

आम्ही उभे राहिलो. बार्शी गेली, तुळजापूर गेली. मग उमरग्याची गाडी लागली. भोंग्याने दोनदा सांगितलं. म्हातारबुवा घोरतच होते. कंडक्टरने घंटी दिली तसा सरांना धीर निघेना. ते धावत गेले आणि त्यांना गदागदा हलवलं.

"अवो पाव्हणं, उठा! उमरगा सुटली!"

म्हातारबुवा डोळे चोळत उठले. "उमरग्याला कशाला जाऊ? तिकडनंच आलोय न्हवं का सकाळी. मला बार्शीला जायाचंय, लेकीकडं." मग इकडेतिकडे बघून, "बार्शी गेली का काय?"

आम्ही हसून हसून खांबाला टेकलो. सर हसले नाहीत. त्यांनी म्हाताऱ्यांना चहा पाजला, पुढची बार्शी येईपर्यंत त्यांच्याशेजारी बसले, मुरूमचं पाऊसपाणी विचारलं आणि स्वतः पिशवी उचलून त्यांना गाडीत बसवलं. परत येताना म्हणाले, "आज दोन्ही चुका झाल्या. एक त्यांची, एक माझी. न उठणाऱ्याची गाडी जाते, उगाच उठणाऱ्याची बॅटरी जाते. दोन्हीच्या मधनं वाट काढायची. परीक्षेत हे लिहू नका, मार्क मिळायचे न्हाईत."

त्यांचा स्वतःचा फोन दिवसभर बंद असायचा. दुपारच्या जेवणाआधी थोडा वेळ चालू करायचे, आणि पुन्हा बंद. त्याच वेळात ज्याला गरज असेल त्याने हाक मारावी. आमच्या विभागप्रमुख मॅडम एकदा चिडून म्हणाल्या, "सर, प्राचार्यांनी सकाळपासून तीनदा लावला!" तर हे शांतपणे, "मॅडम, एकदाच लावायचा, पण वेळेवर." मॅडमनी कपाळाला हात लावला. पण त्यांनाच मी पुढे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सरांना फोन लावताना पाहिलं आहे.

सर आमच्या गावीही आले होते. आमचं गाव तेरच्या पुढे, नदीच्या अंगाला. वडिलांकडे, म्हणजे आबांकडे, शेळ्या आहेत. सरांना रिसीव्हरचा पट्टा शेळीच्या गळ्यात बांधून बघायचा होता. कळप किती लांब गेला तरी हाक ऐकू येते का, चालताना, चरताना, उन्हात. आबांना ते फारसं पटलं नव्हतं, पण पोराचे सर म्हटल्यावर त्यांनी गरीब स्वभावाची शेळी निवडून दिली. पट्टा बांधला, सर दूर बांधावर जाऊन उभे राहिले, बटण दाबून बिनतारी हाक मारली, पट्ट्यावरचा दिवा लागला तसा मी शेळीजवळून हात वर केला. जागा झाला! आणखी लांब गेले. जागा झाला. आणखी लांब. काहीच नाही. सर पुन्हा पुन्हा बटण दाबतायत, मी इकडे हात हलवून नाही म्हणतोय. शेवटी ते धापा टाकत आले. बघतात तर शेजारच्या शेळीने पट्ट्याची अँटेना चावून खाल्लेली. तोंडातून तारेचं टोक अजून लोंबत होतं.

आबांना लाज वाटली. "सर, लई वंगाळ जात हाय ही. दोरी खाती, कागद खाती, मागल्या साली पोस्टमनची टोपी खाल्ली. तुमचं नुसकान केलं बघा."

सरांनी उरलेल्या तारेवर पट्टी धरली होती. "नुकसान कसलं आबा? आता एवढ्या तारेवर कुठवर ऐकू येतंय ते बघू. नायतर मी कशाला कापली असती?" आणि खरंच त्यांनी उन्हात परत सगळी चाचणी घेतली. संध्याकाळी जेवताना आईने भाकरी वाढली तर म्हणाले, "त्या शेळीला एक द्या आधी. आज तिनंच जास्त काम केलं." त्यानंतर आबा माझ्याकडे कधी कॉलेजची चौकशी करत नसत, पण "सर बरे हायती का?" हे प्रत्येक वेळी विचारत.

आता तो प्रसंग सांगतो, ज्याच्यासाठी लोक डोक्याजवळ बोट फिरवतात.

आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो. सरांचा बोर्ड महिनाभर अप्रतिम चालला होता. मीटरवर भूक इतकी कमी दिसत होती की सरांनाच विश्वास बसत नव्हता. त्याच मोजमापाचा आधार देऊन त्यांनी चिपच्या त्या सामायिक ताटासाठी डिझाईन पाठवलं, आणि ते निवडलंही गेलं. प्राचार्यांनी पुण्याच्या एका कंपनीच्या लोकांना बोर्ड बघायला बोलावलं. फुलांचे गुच्छ, बिस्किटं, इस्त्रीचे शर्ट. आमच्या नोकऱ्यांचाही त्यात संबंध होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

सरांनी हाक मारून दाखवली, दिवा लागला. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "सेल कोणता वापरलाय?" तो दाखवायला सरांनी सेल बोर्डातून काढून त्याच्या तळहातावर ठेवला. तेवढ्यात दुसऱ्याने गंमत म्हणून हाक मारायचं बटण दाबलं. दिवा लागला.

सेल पाहुण्याच्या हातात होता, आणि दिवा लागला होता.

आणि टाळ्या. "वा सर! बॅटरीशिवाय!" प्राचार्य तर उभेच राहिले. मी सरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. ते बोर्डाभोवती वाकून शोधत होते. मग त्यांनी कॉम्प्युटरमधून बोर्डात प्रोग्रॅम भरायची बारीक वायर दोन बोटांनी उपसली. दिवा विझला.

"टाळ्या वाजवू नका साहेब," सर म्हणाले. "हे चोरून पितंय."

आमच्या कामातली ही चूक अशी आहे की ती करणाऱ्याला आनंदच होतो. प्रोग्रॅमची वायर काढायची राहिली, तर बोर्ड सेलमधून न घेता त्या वायरीतून, कॉम्प्युटरकडून, गुपचूप वीज घेत राहतो. मीटर फक्त सेल मोजतो. म्हणून भूक नाहीच असं वाटतं. महिनाभर आमचा कान शेजारच्या घरी जेवून येत होता आणि आम्ही त्याच्या उपासाचं कौतुक करत होतो.

प्राचार्य हसून म्हणाले, "सर, ही किरकोळ बाब आहे, नंतर बघू."

"किरकोळ न्हाई. महिन्याभराचं मोजमाप खोटं आहे. वायर मीच लावली होती आणि मीच काढली न्हाई."

पाहुण्यांपैकी एक जण वातावरण हलकं करायला म्हणाला, "मग टाळ्या परत घ्यायच्या का सर?"

"घ्या की," सर म्हणाले. "पुढच्या कॉलेजात लागतील तुम्हाला."

पाहुणे बिस्किटं खाऊन गेले. पुढे त्यांनी आम्हाला काही कळवलं नाही. सरांनी त्याच दिवशी चिपवाल्यांना कळवलं की आम्ही पाठवलेलं बोर्डाचं मोजमाप चुकीचं होतं, खरं असं आहे. समाधान न राहवून म्हणाला, "सर, कशाला कळवलं? डिझाईन तर तेच हाय. हुकलं तर?"

"हुकलं तर हुकलं. खोटा आकडा तिथं माझ्या नावानं बसलाय रे. मला इथं भाकर गोड लागंल का?"

डिझाईन चिपवाल्यांनी वगळलं नाही. पण ठरलेल्या मुदतीपर्यंत सुधारायला सांगितलं, आणि ते दिवस सरांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. मोजमाप घ्यायच्या आधी बोर्डाच्या सगळ्या वायरी काढायच्या, मग त्याच्याभोवती हात फिरवून बघायचं, जसं आई बाळाच्या अंथरुणात काही टोचत नाही ना बघते. मुदत संपायच्या आत डिझाईन गेलं. चिप बनून यायला मात्र खूप महिने लागणार होते.

त्या उन्हाळ्यात नव्या नेमणुकांची यादी लागली, त्यात सरांचं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही. मॅडम मला म्हणाल्या, "मी बोलले होते रे. माझं कुणी ऐकलं नाही." मी बार्शी नाक्यामागच्या खोलीवर गेलो तर कुलूप. घरमालक म्हणाले, परवाच गेले, सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक पंखा. आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. दुपारी जेवणाआधी मी त्यांना फोन लावायला लागलो. आधी बंद लागायचा. मग हा नंबर अस्तित्वात नाही, असं सांगायला लागला. तरी मी काही दिवस लावतच होतो. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

लॅबमध्ये त्यांच्या जागी दुसरे सर आले. चांगले आहेत, वेळेवर शिकवतात. लाईट गेली की तेही वैतागतात.

चिप आली ती हिवाळ्यात. मॅडमनी मला बोलावून एक लहानशी डबी हातात ठेवली. "तुझ्या सरांचं आलंय. इथे कुणाला तपासता येणार? तूच बघ." डबीत नखाएवढ्या काळ्या चिपा होत्या. मी त्या हातात घेऊन उभाच राहिलो. ज्या माणसाने ह्यांची वाट बघितली तो कुठे आहे हे मला माहीत नव्हतं.

बोर्ड बनवला, चिप बसवली. सेल घातला. आणि दिवा लुकलुकायला लागला. हाक नसताना. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. समाधान म्हणाला, "तुझ्या सरांच्या कानाला भुतं ऐकू येत्यात." आठवडाभर मी तेच बघत होतो. शेवटी मनात आलं, ह्या इमारतीत पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वायफायच्या पेट्या, कॅमेरे, चार्जर बसले आहेत. कान खराब नसेलही. मी बोर्ड घेऊन तेरच्या गाडीत बसलो.

आबांच्या हातात हाक मारायचं बटण दिलं आणि म्हणालो, चालत राहा, मधूनमधून दाबा. मी पडीक रानात जमिनीवर बोर्ड ठेवून बसलो. सगळ्या वायरी काढलेल्या. आजूबाजूला ना खांब, ना मोटार. दिवा गप्प होता.

"दाबू का?" आबा ओरडले.

"दाबा!"

दिवा लागला.

"उठलं का?"

"उठलं, आबा!"

आबा चालत राहिले. लहान होत गेले. दरवेळी दिवा लागायचा. मग एकाएकी लागायचा थांबला. मी वाट बघितली. बराच वेळ काही नाही. म्हणालो, गेला कान. धावत सुटलो. बघतो तर आबा बांधावर बसून तंबाखू मळत होते.

"दाबलं का न्हाय आबा?"

"कुठं दाबू? हात गुतल्यात न्हवं." मग माझ्या तोंडाकडे बघून, "का रं? कोण मेलं का?"

मी मटकन खाली बसलो आणि हसायला लागलो. आबांना काही समजेना. मी म्हणालो, तुम्ही हाक मारली नाही म्हणून तो उठला नाही, एवढंच झालंय. आबा म्हणाले, "मग बरोबरच हाय की त्येचं."

भूकही मोजली. सरांनी कागदावर मांडली होती त्यापेक्षा थोडी जास्त, पण आम्ही खरी म्हणून आजवर पाहिलेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा कमी. मॅडमना दाखवलं. त्यांनी दोनदा स्वतः मोजलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "हे त्यांना कळायला पाहिजे रे."

तेवढंच माझ्या डोक्यात राहिलं. त्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट विचारली होती, तिचं उत्तर माझ्याजवळ होतं, आणि ते त्याच्याजवळ नव्हतं. मला रात्री जेवण जायचं नाही. परीक्षा जवळ आली होती तरी एका रविवारी मी मुरूमला गेलो. त्यांची मोठी बहीण, अक्का, तिथे राहते एवढंच मला माहीत होतं. बाजारात विचारत विचारत घर सापडलं. अक्का सुपात हरभरे पाखडत होत्या. चेहरा थेट सरांचा. मी सरांचा विद्यार्थी, तेरकडचा, आमच्या आबांच्या शेळ्या आहेत, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "बा, कुंद्रु. बस." आणि पाणी दिलं.

"तो इथं न्हाई. तिकडं कर्नाटकात, आळंदच्या पलीकडं एका शाळेत असतो, बारक्या पोरांना शिकवतो."

"पत्ता द्याल का अक्का?"

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "कुणाला देऊ नको म्हणलाय. सगळं सोडून दिलंय त्यानं. ती तारांना डाग द्यायची, झाळायची मशीन, तारा, सगळं देऊन टाकलं. त्या कॉलेजचं नावसुद्धा काढत न्हाई." मग थोड्या मऊ आवाजात, "तुला काय सांगायचंय ते सांग. मी सांगते त्याला."

मी सांगायला लागलो. सामायिक सिलिकॉन, हाक, भूक, गोंगाट. अक्का ऐकत होत्या. शेवटी त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अरं बाळा, मला एवढं कळतंय व्हय? पास झाला का नापास, ते सांग."

"पास झाला, अक्का," मी म्हणालो.

"मग असं बोल की! एवढं रामायण लावलंस."

परतीच्या गाडीत वाटलं, गेलं. दोन शब्दांत एवढं काय पोचणार? आणि पोचलं तरी मला कसं कळणार? निघताना त्यांना माझा नंबर लिहून दिला होता, एवढंच. नंतर बरेच दिवस काही आलं नाही.

परवा दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. शेजारणीच्या फोनवरून अक्का बोलत होत्या, आणि सगळ्या मुरूमला ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

"सांगितलं बरं का त्याला! काल त्याचा फोन आला तवा सांगितलं. कॉलेजातनं पोरगं आलतं, तुझं ते पास झालंय म्हणून. तर काही बोलंचना. मला वाटलं कट झाला. हॅलो हॅलो केलं. मग म्हणाला, अक्का, परत सांग. परत सांगितलं. तर म्हणतो, परत सांग. मी म्हणलं, अरं यप्पा, बहिरा झालास का काय, पास झालं, पास झालं! मागं पोरांचा दंगा चाललाता शाळंत. त्यांना गप बसा म्हणाला आणि परत सांगाय लावलं बघ मला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग इचारलं, कुणी तपासलं? तुझं नाव इचारायचंच राहिलं होतं माझं त्या दिवशी. मी म्हणलं, ते तेरकडचं पोरगं, बाप शेळ्या राखतो त्येचं. तर त्यानंच घेतलं तुझं नाव. आख्खं घेतलं, बापाच्या नावासकट."

आणि अक्कांनी ते नाव मला म्हणून दाखवलं, शाळेत हजेरी घेतात तसं, सावकाश.

"तेच न्हवं तुझं? का दुसरं कुणी?"

"तेच अक्का," मी म्हणालो. "माझंच हाय."